तेलाच्या नद्या

नायजर नदीच्या मुखाजवळच्या मुलखाला इंग्रजांनी १८८५ मध्ये 'ऑइल रिव्हर्स' असं नाव दिलं. यातलं ऑइल म्हणजे खनिज तेल नव्हे बरं का, पामतेल! इंग्लंडातल्या कारखान्यांना ते साबणासाठी आणि वंगणासाठी हवं होतं. पुढच्याच वर्षी जॉर्ज गोल्डीच्या व्यापारी कंपनीला सनद मिळाली आणि तिची रॉयल नायजर कंपनी झाली. तह करायचे, कर घ्यायचा, पदरी शिपाई बाळगायचे. ईस्ट इंडिया कंपनी ठाऊक असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. १९०० मध्ये तिने मुलूख ब्रिटिश सरकारच्या हवाली केला, त्याबद्दल ८,६५,००० पौंड घेतले आणि सत्तेतून मोकळी झाली.

नायजेरियातल्या तेल कंपन्यांबद्दल वाचताना मला हा जुना व्यवहार सारखा आठवत राहिला.

१९३८ मध्ये शेल आणि आजची बीपी यांच्या जोडकंपनीला जवळजवळ अख्ख्या नायजेरियात तेल शोधायचा परवाना मिळाला. मध्ये महायुद्ध आलं. शेवटी १९५६ मध्ये ओलोइबिरी गावात तेल सापडलं आणि १९५८ मध्ये पहिलं जहाज भरून गेलं. १९६० च्या स्वातंत्र्याच्या आसपास मोबिल, गल्फ (आताची शेवरॉन), इटलीची अजिप, फ्रेंच कंपनी (आताची टोटल) अशी सगळी मंडळी दाखल झाली. १९६९ च्या कायद्याने जमिनीखालचं तेल सरकारचं ठरलं, १९७७ मध्ये एनएनपीसी ही सरकारी कंपनी आली आणि १९७९ मध्ये बीपीचा वाटा सरकारने ताब्यात घेतला.

मग तेल देशाचं झालं का? कागदोपत्री हो. डेल्टातल्या सगळ्यात मोठ्या भागीदारीत पुढे एनएनपीसी ५५ टक्के, शेल ३०, टोटल १० आणि अजिप ५ अशी वाटणी ठरली. पण विहिरी चालवायची शेल. म्हणजे सरकार नफ्यात भागीदार आणि कंपनीवर देखरेख करणारंही तेच. खाडीत तेल सांडलं तर कोळ्याने तक्रार कोणाकडे करायची?

ती तक्रार जगापुढे मांडली लेखक केन सारो-विवा यांनी. ओगोनी लोकांच्या आंदोलनामुळे १९९३ मध्ये शेलने त्या भागातलं उत्पादन थांबवलं. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी राजवटीने सारो-विवांसह नऊ जणांना फाशी दिली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने ओगोनी भागाची तपासणी केली. एका ठिकाणी पिण्याच्या विहिरीत बेंझीनचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील असा अंदाज होता. बोडो गावच्या २००८ मधल्या दोन गळत्यांबद्दल शेलने २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंड मान्य केले, तेही लंडनमध्ये खटला भरल्यावर.

आता अलीकडचं बघा. २०२४ मध्ये अजिपचा जमिनीवरचा धंदा ओआंडोने आणि मोबिलचा उथळ समुद्रातला धंदा सेप्लाटने घेतला. मार्च २०२५ मध्ये शेलनेही आपली डेल्टातली कंपनी रेनेसान्स या मुख्यतः नायजेरियन समूहाला विकली. खोल समुद्र आणि गॅस मात्र शेलने सोडलेला नाही. गावं, गळक्या पाइपलाइनी आणि कोर्टकचेऱ्या जिथे आहेत, नेमका तिथूनच पाय काढलाय.

आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम दुसऱ्या टीमला देताना शिल्लक बग्जची यादी सोबत जाते आणि ते कोण निस्तरणार यावर जोरदार भांडण होतं. इथे त्या यादीत लोकांचं पिण्याचं पाणी आहे. नवे मालक स्थानिक आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण पन्नास-साठ वर्षांची घाण साफ करायला जो पैसा लागेल तो त्यांच्याकडे नसला, तर गावकऱ्यांनी कोणाचं दार ठोठवायचं?

जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी त्या नऊ जणांना मरणोत्तर माफी आणि सन्मान दिला. सन्मान ठीक आहे. पण माफी गुन्हेगाराला देतात, आणि ओगोनी लोकांचं म्हणणं हेच आहे की त्या नऊ जणांनी गुन्हा केलाच नव्हता.