श्रोते, पोस्टकार्ड आणि किरणोत्सव

मराठी विज्ञानकथेचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तो बहुधा नामावलीच्या रूपाने. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’मधून आलेले ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर, मग श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’, बऱ्याच मोठ्या खंडानंतर भा. रा. भागवत आणि पुढे नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. लेखकांची साखळी अशी पुरी होते. या कथांचे वाचक कोण होते, ते एकमेकांना कुठे भेटत होते, हा प्रश्न मात्र त्यात उपस्थितच होत नाही. साहित्यप्रकाराची घडण वाचकांच्या एकत्र येण्याच्या रीतीवरही अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि विज्ञानकथेच्या बाबतीत तर ते विशेषच खरे आहे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहावे. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही असे. गोष्ट साधी, पण तिचा परिणाम दूरगामी झाला. वाचक संपादकाला वगळून परस्परांनाच लिहू लागले. गावोगाव मंडळे निघाली, हौशी पत्रिका निघाल्या, भांडणेही पुष्कळ झाली. १९३९ साली न्यूयॉर्कला या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. असिमॉव्ह, पोल, ब्रॅडबरी हे पुढे नावारूपाला आलेले लेखक याच वाचकमंडळांतून वर आले. तिथे कथेचा पहिला समीक्षक हा शेजारी बसलेला दुसरा वाचक होता.

आपल्याकडे काय झाले? मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. परिषदेची वार्षिक अधिवेशने, तिच्या विभागांचे कार्यक्रम आणि तिची विज्ञानरंजन कथास्पर्धा या तिन्हींचा मराठी विज्ञानकथेच्या घडणीत मोठा वाटा आहे. यांपैकी स्पर्धेची एक हकीकत प्रसिद्धच आहे. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांचे बालपण बनारसला गेले. पुढे केंब्रिज, आणि १९७२ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. अहमदाबादच्या एका परिषदेत चाललेल्या कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. १९७४ च्या स्पर्धेला ती पाठवताना आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा उतरवून काढली ती मंगलाबाईंनी. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

ही हकीकत आपण नारळीकरांच्या विनयाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात संस्थेचे रूपही दिसते. स्पर्धेत लेखक परीक्षकासमोर उभा राहतो. स्पर्धक एकमेकांना भेटत नाहीत. परीक्षण करणारी संस्था विज्ञानप्रसाराला वाहिलेली, त्यामुळे कथेतले विज्ञान अचूक आहे का आणि वाचकाला त्यातून काही कळते का, हे प्रश्न आपोआपच अग्रक्रमाने येतात. मराठी विज्ञानकथेतली माणसे सपाट असतात, कथा थांबवून प्राध्यापक समजावून सांगू लागतो, ही आपल्या समीक्षेची जुनी तक्रार आहे. तक्रार निराधार नाही. पण ती लेखकाच्या प्रतिभेच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. ही कथा ज्या दालनात वाढली ते दालन व्याख्यानाचे होते. तिथे वक्ता एक आणि श्रोते अनेक असतात. कथेनेही तीच रचना उचलली, इतकेच.

या रचनेचे सर्वांत लोभस रूपही नारळीकरांचेच आहे. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते म्हणत, स्वाक्षरी देणार नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारा, उत्तराखाली स्वाक्षरी येईल. उत्तरे खरोखरच येत. एवढ्या मोठ्या वैज्ञानिकाने आडगावच्या मुलाला हाताने उत्तर लिहावे, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली दुर्मिळ गोष्ट आहे. तरी गर्न्सबॅकच्या पत्रव्यवहाराशेजारी हे पोस्टकार्ड ठेवून पाहावे. प्रत्येक कार्ड परिघावरून केंद्राकडे जाई आणि केंद्राकडून त्याच परिघबिंदूकडे परत येई. इचलकरंजीच्या मुलाने काय विचारले हे गडहिंग्लजच्या मुलाला कळायचा मार्ग नव्हता. चाकाला आरे भक्कम होते. धाव बसवायची राहिली.

मराठी माणसाला आकाशाभोवती जमण्याची सवय नाही, असे उत्तर कोणी दिले तर ते कोल्हापुरात तरी मान्य होणार नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. पण इथे त्याहून कितीतरी जुनी सवय आहे ती किरणोत्सवाची. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर, मग मुखावर, अशी रूढ कल्पना. गणित सरळ आहे. दोन्ही पर्वे २१-२२ डिसेंबरच्या दोन बाजूंना सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर येतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच जागी मावळतो.

पण लक्ष द्यायचे ते गर्दीकडे. किरण आज कोणत्या पायरीवर आले, ढग कुठे आडवा आला, हवेत आर्द्रता किती, वाटेत कोणाची इमारत उभी राहिली, यावर तिथे सगळेच बोलतात. अडथळ्यांचा प्रश्न प्रशासनापर्यंत जातो, वर्तमानपत्रांत गाजतो. महाविद्यालयांतले अध्यापक प्रकाशाची तीव्रता मोजतात, आणि फुलवाल्यालाही त्या आकड्याचे कुतूहल असते. इथे श्रद्धा आहेच. ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र निरीक्षण सामायिक आहे आणि मतभेदाला मुभा आहे. उलट सभागृहात अवकाशावरचे व्याख्यान असले की हेच कोल्हापूरकर शांतपणे बसून ऐकतात, शेवटी दोन प्रश्न विचारतात आणि आभारप्रदर्शनानंतर घरी जातात.

याचा अर्थ विज्ञानकथेने देवळात जावे असा कोणी काढू नये. श्रोत्याचा सहभागी होतो तो कशाने, एवढाच मुद्दा आहे. आणि त्याचे एक उत्तर ‘सर्वांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसणारी गोष्ट’ हे आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी अंगणात काठी रोवणाऱ्या मुलांचा कलकलाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. विज्ञानकथेच्या वाट्याला असे अंगण आले नाही. दिवाळी अंकात ती वाचली गेली, आवडली, आणि वाचक पुढच्या दिवाळीपर्यंत एकटा राहिला. लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ जेम्स गन यांच्या ‘द रोड टू सायन्स फिक्शन’ या इंग्रजी संकलनमालेत गेली. तिच्यावर आपल्या विभागांच्या चर्चासत्रांत किती निबंध वाचले गेले, हे आपले आपण आठवून पाहावे.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. विज्ञानकथालेखकाला हा मान प्रथमच मिळाला. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नाशिकला मांडव भरलेला होता, पुस्तकांचे गाळे होते, विज्ञानकथेचे वाचकही त्या गर्दीत असणारच. वक्ता नव्हता, म्हणून त्यांना एकमेकांकडे वळून बोलता आले असते.