उत्तर देणारे वाचक

मराठी साहित्याचा इतिहास आपण बहुधा ग्रंथकारांच्या नावांनी आणि ग्रंथांच्या सनांनी मांडतो. पहिली कादंबरी कोणती, पहिले नियतकालिक कोणते, कोणावर कोणाचा प्रभाव होता, यांविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. ती पुस्तके ज्यांच्या हाती पडली त्यांनी त्यांचे काय केले, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. त्याचे कारणही उघड आहे. पुस्तक मागे राहते, वाचन राहत नाही. वाचकाने लेखी उत्तर दिले असेल तरच त्याच्या वाचनाची खूण आपल्यापर्यंत पोहोचते. मग ते उत्तर पत्राच्या रूपाने असो, परीक्षणाच्या असो, की एखाद्या सभेला न येण्याच्या निरोपाच्या. एकोणिसाव्या शतकातील अशा काही उत्तरांकडे एकत्र पाहिले, तर वाचलेल्याविषयी चारचौघांत बोलण्याची मराठी रीत कशी घडली, आणि त्या चारचौघांत कोणाला बसू दिले गेले, हे दोन्ही ध्यानात येते.

छापखान्यापूर्वी आपल्याकडचे वाचन हे मुख्यतः श्रवण होते. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागे. एक जण वाची आणि बाकीचे ऐकत. श्रोत्यांची दाद जागच्या जागी मिळे. मान डोलवणे, मध्येच हरिनामाचा गजर, करुण प्रसंगी डोळ्यांना लागणारा पदर, हीच त्या काळची अभिप्राय देण्याची पद्धत होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा स्त्रीपुरुषांनाही या श्रवणात भाग घेता येई, हे तिचे मोठेच बळ. तथापि पोथीशी भांडता येत नसे. ती श्रद्धेने ऐकायची, तिची समाप्ती करायची, आणि पुढल्या वर्षी पुन्हा लावायची.

छापील मजकुराने हा व्यवहार पालटला. तो एकट्याने वाचता येऊ लागला, आणि ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याबरोबर आली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ साली. याच ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे येऊ लागली. आज आपण ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखतो. त्या लेखांचा घाट पत्राचा असावा ही किरकोळ गोष्ट नव्हे. वर्तमानपत्र वाचणारा माणूस वर्तमानपत्राला लिहितो, ही कल्पना तोवर रुळली होती. मराठी गद्यातील एका युगप्रवर्तक लेखनाला ती आयती बैठक म्हणून मिळाली. त्याच १८४८ साली पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली, आणि पुढे तिचेच पुणे नगर वाचन मंदिर झाले. वाचण्याची जागा आणि उत्तर देण्याची जागा अशा जवळजवळ हातात हात घालून आल्या.

परीक्षणाची शिस्त यानंतरची. रामकृष्ण भिकाजी गुंजीकरांनी १८६७ मध्ये सुरू केलेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ने नव्या पुस्तकांवर नियमाने लिहिण्याची परंपरा घातली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि वाचकाच्या अंगी एक नवा ताठा आला. विष्णुशास्त्री जवळजवळ एकहाती मासिक लिहीत. ग्रंथ कितीही मोठ्या माणसाचा असो, तो तपासून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही जाणीव त्यांनी एका पिढीला दिली. त्यांचे हे ऋण मान्य करूनच पुढचे म्हटले पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी व्याकरण आणि भाषेची धाटणी यांची थट्टा करण्यात जेवढा उत्साह दाखवला, तेवढा फुल्यांच्या मूळ प्रश्नाला भिडण्यात दाखवला नाही. परीक्षण हे जसे समजून घेण्याचे साधन होते, तसे ते समोरच्याला दाराबाहेर ठेवण्याचेही साधन झाले. पहिल्याच बहरात मराठी समीक्षेने ही दोन्ही रूपे दाखवली.

विष्णुशास्त्र्यांनी दिलेला अधिकार विद्यार्थ्यांनीही वापरला. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर ‘निबंधचंद्रिका’ मासिकात ७२ पानांचा टीकालेख लिहिला तो विद्यार्थिदशेतील हरिभाऊ आपटे यांनी. ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये हरिभाऊ शिकले, तेथेच आगरकर शिक्षक होते. शिष्याने गुरूचे पुस्तक घेऊन मूळ कृतीशी ताडून पाहावे आणि उणिवा छापून मोकळे व्हावे, हे पोथीच्या श्रवणात कल्पनेतही शक्य नव्हते. मराठीतील सर्वांत मोठ्या कादंबरीकारांपैकी एकाची सुरुवात अशी वाचक म्हणून झाली, हेही विसरू नये.

परंतु हरिभाऊंना उत्तर देता आले याला शाळा, मित्रमंडळ आणि हाताशी असलेले मासिक यांचा आधार होता. तो नसलेल्या वाचकाचे काय होई, याचे उत्तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकात सापडते. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती कमी झाली. या प्रकरणाच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने एकूण स्त्रीजातीवरच आसूड ओढला. तो मजकूर वाचून ताराबाई संतापल्या, आणि १८८२ साली त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक निघाले. आज आपण त्याला स्त्रीवादी विचारांचा आरंभग्रंथ म्हणतो, ते योग्यच आहे. पण त्याचा जन्म एका वाचकाच्या उत्तरातून झाला, ही गोष्ट त्या गौरवात हरवते. शिवाय ताराबाईंचे वाचन त्या एका लेखापुरते नव्हते. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ नाटक यांतून स्त्रियांना कसे रंगवले आहे, यावरही त्यांनी बोट ठेवले. लोकप्रिय साहित्याची स्त्रीच्या बाजूने केलेली ही झाडाझडती मराठी समीक्षेच्या इतिहासात गुंजीकर-चिपळूणकरांच्या शेजारी ठेवायला हवी. तेथे ती सहसा आढळत नाही.

पुस्तकाचे स्वागत टीकेने आणि उपहासाने झाले. त्यानंतर ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. ज्यांनी त्यांची बाजू घेतली त्यांत जोतीराव फुले ठळकपणे दिसतात. १८८५ मधल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंच्या लेखनाचा कैवार घेतला.

याच १८८५ सालची दुसरी एक घटना याच्या शेजारी ठेवून पाहावी. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरली होती. साहित्य संमेलनांची गणना आपण तिच्यापासून करतो. दुसरी सभा १८८५ मध्ये पुण्यातच भरली. तिचे निमंत्रण फुल्यांना गेले, आणि त्यांनी पत्राने नकार कळवला. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. त्याचा आशय थोडक्यात असा, की जे शूद्रादिकांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, तेव्हा एकत्र बसून काय साधणार? या पत्राकडे फटकळपणाचा नमुना म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. मला ते एका वाचकाचे अत्यंत गंभीर उत्तर वाटते. फुल्यांनी त्या मंडळींची पुस्तके वाचली होती, त्यांनी आपली पुस्तके कशी वाचली हेही पाहिले होते. ज्या बैठकीत आपल्या म्हणण्याऐवजी आपले व्याकरण तपासले जाईल, तिच्यात जाऊन बसण्यापेक्षा न येण्याचे कारण छापून ठेवणे त्यांनी पसंत केले. ज्या माणसाने ग्रंथकारांच्या मेळ्यात बसण्यास नकार दिला, त्यानेच त्या वर्षी एकाकी पडलेल्या एका लेखिकेसाठी शब्द खर्च केला. या दोन कृती एकाच भूमिकेच्या आहेत.

जाहीर बोलण्याची ही किंमत पाहता स्त्रियांची पुस्तकचर्चा बराच काळ खासगीत राहिली यात नवल नाही. काशीबाई कानिटकर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लहानपणी लग्न झालेल्या या मुलीने एकत्र कुटुंबातील टोमणे सोसत वाचायला शिकून घेतले आणि पुढे त्या मराठीतील आद्य कादंबरीलेखिकांपैकी एक झाल्या. हरिभाऊ आपटे यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता, आणि त्यात पुस्तकांची, लेखनाची चर्चा होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. एका पुरुषाने स्त्रीचे आत्मकथन लिहावे आणि ते खरे वाटावे, यामागे अशा जाणत्या वाचकमैत्रिणीचा सहवास मोलाचा ठरला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. ती पत्रे सरोजिनी वैद्य यांच्यासारख्या अभ्यासकांनी जपून अभ्यासली म्हणून आपल्याला हे बोलता येते. एरवी तीही गेली असती.

या सर्वांतून एक गोष्ट उरते. कोणाची प्रतिक्रिया टिकली हे तिच्या गुणवत्तेवर जितके ठरले, तितकेच ती कोणाच्या हाताशी छापखाना आणि मंडळी होती यावर ठरले. ‘निबंधमाला’ पुन्हा पुन्हा छापली गेली, तर ‘स्त्रीपुरुषतुलना’ जवळजवळ शतकभर विस्मृतीत पडून होती. डॉ. स. गं. मालशे यांनी ते जुने पुस्तक शोधून १८८२ नंतर ९३ वर्षांनी, म्हणजे १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केले. मालशे संशोधक होते, संपादक होते, परंतु त्या क्षणी ते प्रथम एक वाचक होते. ताराबाईंच्या काळाने त्यांना जे उत्तर दिले ते त्यांना पुरेसे वाटले नाही, म्हणून त्यांनी ते पुस्तक पुन्हा चारचौघांत आणून ठेवले. आपल्याला न रुचणारे उत्तर वाचकांचा मेळा कसे ऐकतो यावरून त्याची परीक्षा होत असेल, तर १८८२ च्या महाराष्ट्राचा निकाल लागायला १९७५ उजाडावे लागले, असेच म्हणावे लागेल.