डॅशची आंघोळ

२८ जून १८३८. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १९ वर्षांच्या व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक झाला. समारंभ चांगला पाच तास चालला. जड मुकुट, जड झगा, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात सोन्याचा गोल. एवढे सगळे सांभाळून राणी राजवाड्यात परतली, तर आतून भुंकण्याचा आवाज आला. तो डॅश होता. राणीने घाईघाईने मुकुट आणि झगा उतरवला आणि ती डॅशला आंघोळ घालायला गेली. चार्ल्स लेस्ली या चित्रकाराने आपल्या आठवणींत ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

डॅश हा किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचा लहानसा कुत्रा. १८३३ मध्ये तो व्हिक्टोरियाच्या आईला भेट मिळाला आणि लवकरच मुलीचा झाला. लोंबते कान, कानांवर रेशमी केस, पोटाखाली आणि पायांमागे झालर. म्हणजे धुळीत आणि ओल्या गवतात फिरवण्यासाठी सर्वांत गैरसोयीचा प्राणी! ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "पण सर, जंगलातल्या कोल्ह्याला कोण आंघोळ घालतं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन नावाच्या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यात आंघोळीला विशेष स्थान नाही. महत्त्व आहे ते अंग चोळण्याला. घोड्याला जसा खरारा करतात तसे कुत्र्याचे सबंध अंग रोज चोळावे. त्याने सांधे बळकट होतात, केस मऊ व चकचकीत होतात आणि कातडी स्वच्छ राहते, असे तो सांगतो. त्याच्या आधी, पहिल्या शतकात, कोलुमेला या रोमन शेतीतज्ज्ञाने गोठ्यातल्या आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी उपाय दिले आहेत. कानांवर माश्या बसून जखमा होऊ नयेत म्हणून कडू बदाम कुटून चोळायचे. पिसवा झाल्या तर जिरे आणि तेवढेच हेलेबोर पाण्यात कालवून लावायचे. हेलेबोर ही विषारी वनस्पती आहे. अंग चाटणाऱ्या प्राण्याला असे काही लावण्यातला धोका आज आपल्याला कळतो, तेव्हा तो कितपत कळत होता कोण जाणे. हा उपाय कोणी घरी करून पाहू नये.

कामाच्या कुत्र्याचे केस कापण्याची चाल किती जुनी आहे हे जॉन केयस या इंग्रज वैद्याच्या पुस्तकावरून कळते. इंग्लंडमधल्या कुत्र्यांची माहिती त्याने झुरिकच्या कोनराड गेस्नर या निसर्गअभ्यासकासाठी लिहून काढली. ती १५७० मध्ये लॅटिनमध्ये छापली गेली. मारलेले बदक पाण्यातून आणणाऱ्या कुत्र्याचे वर्णन करताना तो म्हणतो की याचे केस निसर्गतः लांब आणि कुरळे असतात, पण आपण वर्णन केले आहे ते खांद्यापासून शेपटीपर्यंत भादरलेल्या कुत्र्याचे, कारण चाल तशीच आहे. केस कमी झाले की कुत्रा हलका होतो आणि पोहताना अडखळत नाही. आज पूडल जातीच्या कुत्र्याची ती विचित्र हजामत पाहून आपल्याला हसू येते. छातीवर मोठा झुपका, मागचे अंग गुळगुळीत! त्या थाटाचे मूळ पाणथळीतल्या या कामात आहे. पूडल हे नावसुद्धा डबक्यात डुंबण्याच्या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले. पुढे बदके राहिली बाजूला आणि हजामत तेवढी उरली. पॅरिसमध्ये सेन नदीच्या पुलांवर आणि घाटांवर बसून कुत्र्यांचे केस कापून देणारे लोक एकोणिसाव्या शतकात नेहमी दिसत.

केयसने बायकांच्या मांडीवरच्या चिमुकल्या कुत्र्यांचीही नोंद केली आहे. त्यांची त्याने थट्टाच केली, पण पोटाशी धरले तर पोटदुखीला ऊब मिळते एवढा गुण मान्य केला. हा कुत्रा घरात, अंथरुणात आला आणि नवे भांडण घेऊन आला. सॅम्युएल पेप्सच्या प्रसिद्ध रोजनिशीत ६ नोव्हेंबर १६६० ची नोंद आहे. कुत्रा घर घाण करतो म्हणून त्याला तळघरात ठेवायचे असे पेप्सने ठरवले, बायकोचे ते ऐकून घ्यायची तयारी नव्हती, आणि रात्र भांडणातच गेली. गोठ्यातल्या कुत्र्याच्या वासाची कोणाला पर्वा नसते; गादीवरच्या कुत्र्याची असते. 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ इथे बदलला. आरियनच्या दृष्टीने स्वच्छ कुत्रा म्हणजे निरोगी कातडीचा कुत्रा. आता स्वच्छ कुत्रा म्हणजे माणसाला ज्याचा त्रास होत नाही असा कुत्रा.

मग साबण आला. इंग्लंडमध्ये १७१२ पासून साबणावर कर होता. तो १८५३ मध्ये रद्द झाला. डॅशची आंघोळ झाली त्या काळात साबण ही तशी महागाची वस्तू होती. कर गेल्यावर ती स्वस्त होऊन घरोघर पोचली. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा फक्त शिकारी जाती होत्या. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, १८९१ मध्ये क्रफ्ट्स हे प्रदर्शन सुरू झाले. प्रदर्शन म्हटले की केस चमकायला हवेत. कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीने कुत्र्यांचा साबणही विकायला काढला. १८९१ च्या क्रफ्ट्समध्ये व्हिक्टोरियाचे कुत्रेही होते. त्यांत मार्को नावाचा पॉमेरेनियन होता, १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणलेला, वजन सुमारे साडेपाच किलो. तोवर या जातीचे कुत्रे याच्या दुपटीतिपटीचे असत. राणीकडे लहान म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवे झाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये 'पामेरियन' म्हणून जे पांढरे झुबकेदार कुत्रे दिसतात, ते त्याच स्पिट्झ कुळातले.

साबणाने कुत्रा स्वच्छ होतो, हे इतके उघड वाटते की त्यात तपासण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटू नये. पण लंडनचे पाणी कठीण. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. बोअरच्या पाण्यात आपल्याकडेही हाच अनुभव येतो. हा साका लांब केसांत चिकटून बसतो. आणखी एक गोष्ट. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. केस ओले करून चोळले की हे खवले एकमेकांत अडकतात. लोकरीपासून नमदा बनवतात तो याच गुणाच्या जोरावर. म्हणून न विंचरलेल्या कुत्र्याला आधी आंघोळ घातली तर कानामागे, बगलेत आणि मांड्यांत नमदेच तयार होतात. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि कातडी लाल होते. आधी फणी, मग पाणी, आणि शेवटी मुळापर्यंत कोरडे करणे, हा क्रम त्यासाठी आहे.

कातडीचे गणितही वेगळे निघाले. १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी माणसाच्या त्वचेवरच्या आम्लधर्मी आवरणाचे वर्णन केले. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो. कुत्र्याच्या त्वचेचा त्याहून जास्त, बहुधा उदासीनच्या आसपास असतो. शिवाय कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे थर माणसापेक्षा खूपच कमी. साध्या साबणाचा सामू ९ ते १०. तेव्हा साबण दोघांनाही कोरडे करतो, पण पातळ कातडीला जास्त. आपल्या शाम्पूची बाटली आपल्यासाठी जमवलेली असते, कुत्र्यासाठी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर जंतुनाशक म्हणून कार्बोलिक साबणाची चलती होती. फिनॉल कातडीतून शोषले जाते आणि चाटल्यावर पोटातही जाते. मांजरांना ते अधिकच घातक.

या सगळ्यात पिसवांचे काय झाले? आंघोळीत काही पिसवा बुडून मरतात हे खरे, पण आठ दिवसांत पुन्हा हजर! याचे कारण पिसवेच्या आयुष्यक्रमात आहे. मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा जिथे झोपतो तिथे गळून पडतात. अळ्या सतरंजीत, फरशीच्या फटीत वाढतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे सुकलेल्या रक्तावर, जगतात. मग कोष. कोषातली पिसू कित्येक आठवडे वाट पाहू शकते आणि कुणी जवळून चालल्याच्या हादऱ्याने बाहेर येते. कुत्र्याच्या अंगावर दिसतो तो त्या सैन्याचा अगदी लहान भाग. आपण धूत होतो तो कुत्रा. धुवायला हवे होते ते त्याचे अंथरूण.

त्यातून अजून एक गुंता सुटला. कुत्र्यांत आढळणाऱ्या एका पट्टकृमीची पिल्लावस्था १८६९ मध्ये कुत्र्याच्या अंगावरच्या उवेसारख्या कीटकात सापडली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ग्रासी आणि रोव्हेल्ली या इटालियन संशोधकांनी ती पिसवेतही दाखवली. पिसवेची अळी कृमीची अंडी खाते, मोठी झालेली पिसू कुत्रा अंग चाटता चाटता गिळतो, आणि कृमी त्याच्या आतड्यात पोचतो. म्हणजे कुत्रा स्वतःला साफ करतो त्या क्रियेतूनच रोग येतो. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही होतो.

१९३९ मध्ये पाउल म्युलरने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि काही काळ कुत्र्यांवर पावडर फुंकणे हाच उपाय झाला. पिसवांत त्याला दाद न देणाऱ्या पिढ्या निपजल्या. १९९० च्या दशकात मानेवर टाकायच्या थेंबांची औषधे आली. त्यातले फिप्रोनिल त्वचेच्या तेलात मिसळून अंगभर पसरते आणि तेलग्रंथींत साठून राहते. आता यातली गंमत पहा: दर दोन दिवसांनी साबण लावून ते तेल काढून टाकले तर औषधही जाते. शंभर वर्षे ज्याला मळ समजून खरवडले, तेच इथे औषधाचे वाहन आहे.

आता डॅशकडे परत येऊ, कारण तो कुत्रा होता, कुत्री नव्हती, आणि याचाही स्वच्छतेशी संबंध आहे. नराचे मूत्रद्वार पोटाखाली, पुढच्या दिशेने असते. पाय लहान, केस लांब, पोट जमिनीजवळ. त्यामुळे मूत्राचे थेंब पोटावरच्या केसांत आणि कधी पुढच्या पायांवर उडतात, आणि वास येतो तो तिथून. त्यात नर कुत्रा मूत्र टाकतो ते नुसते मोकळे होण्यासाठी नव्हे, खूण ठेवण्यासाठीही. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाय वर करणाऱ्या नरांचे कोन मोजले, तेव्हा लहान कुत्रे पाय प्रमाणाबाहेर उंच उचलतात असे दिसले. आपण आहोत त्यापेक्षा मोठे आहोत असे भासवण्याचा तो प्रयत्न असावा, असा त्यांचा अंदाज! एवढ्या मोठ्या उद्योगानंतर पोट ओले झाले तर नवल काय? त्यासाठी सबंध आंघोळीची गरज नाही. ओल्या फडक्याने रोज तेवढा भाग पुसून कोरडा करावा, केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड ठेवावेत, अगदी कातडीपर्यंत भादरू नयेत. तिथे थोडा पिवळसर स्राव दिसणे वयात आलेल्या नरात नेहमीचे आहे. रक्त, सूज किंवा सतत चाटणे दिसले तर पशुवैद्याकडे न्यावे.

उन्हाळ्यात पॉमेरेनियनला गरम होते म्हणून त्याचे सगळे केस उतरवतात, तेव्हा केयसच्या पाणकुत्र्याचा न्याय भलत्याला लावला जातो. पूडलचे केस वाढतच राहतात. स्पिट्झचे केस ठराविक लांबीला थांबतात, खाली दाट लव असते, आणि भादरल्यावर काही कुत्र्यांचे केस महिनोन् महिने नीट येत नाहीत. मोकळी झालेली लव फणीने काढली की हवा खेळते.

कोल्ह्याचा प्रश्न राहिला. कोल्ह्याच्या अंगावरही पिसवा असतात. पण लोंबते कान आणि पोटाखालची झालर असलेला कोल्हा कोणी मुद्दाम निपजवलेला नाही. त्याचे केस ऋतूप्रमाणे गळतात आणि त्याला कोणाच्या गादीवर झोपायचे नसते. हे उत्तर त्या मुलीला निम्मेच पटले. तिच्या घरी मोती नावाचा पामेरियन होता. तिला एक प्रयोग सुचवला: ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याला बारीक दातांच्या फणीने विंचरायचे. पडलेले काळे कण धुळीचे असतील तर काळेच राहतील. पिसवांच्या विष्ठेचे असतील तर ओलाव्याने भोवती तांबूस रंग पसरेल, कारण ते रक्त आहे.

सोमवारी ती कागद घेऊन आली. विंचरलेल्या केसांत एकच पिसू सापडली होती, तांबूस डाग चार. दुसरा कागद तिने आपल्या मनाने केला होता. मोतीच्या झोपायच्या पोत्याखालची धूळ तिने त्यावर झटकली होती, आणि तो कागद डागांनी भरून गेला होता.