आधी इतिहास विचारा, मग शिक्षा सांगा

'कायद्यापुढे सगळे समान' हे वाक्य आम्हाला दोन वेळा हमखास ऐकवले जाते. एकदा आरक्षणाचा विषय निघाला की, आणि एकदा पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी आली की. पहिल्या वेळी त्याचा अर्थ असतो, तुम्हाला वेगळे काही मिळणार नाही. दुसऱ्या वेळी ते सरळ खोटे असते. चोरी कुणीही केलेली असो, गाडी आधी पारधी वस्तीवरच येते. म्हणजे सवलतीच्या वेळी आमचा इतिहास विसरायचा आणि संशयाच्या वेळी तोच आठवायचा, अशी ही समानता आहे.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली याच प्रश्नाला हात घातला. तिथल्या मूळनिवासींनी काय मिळवले आणि काय मिळाले नाही, हे आपल्या चळवळीने नीट समजून घेतले पाहिजे.

गुन्हेगार कसे घडवले गेले

कॅनडातल्या मूळनिवासींच्या जमिनी गेल्यावर त्यांना राखीव वस्त्यांत कोंबण्यात आले. १८७६च्या 'इंडियन ॲक्ट'ने त्यांचे सगळे जगणे सरकारी अधिकाऱ्याच्या हाती दिले. १८८५च्या उठावानंतर पश्चिमेकडच्या प्रांतांत वस्तीबाहेर जायला अधिकाऱ्याचा पास लागू लागला. या पासला कायद्याचा आधारच नव्हता, तरी तो कित्येक वर्षे चालला. पॉटलॅच नावाचा त्यांचा दानसमारंभ गुन्हा ठरवला गेला आणि ती बंदी १९५१पर्यंत टिकली. १९२७ साली तर जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे किंवा वकील लावणे यावरही बंदी आली. न्याय मागणे हाच गुन्हा!

सगळ्यात खोल घाव निवासी शाळांचा. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून या शाळांत डांबली गेली. तिथे मातृभाषा बोलल्याबद्दल मार मिळे. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. ज्यांना आईबापांची मायाच मिळाली नाही, त्यांनी पुढे आपली मुले कशी वाढवायची? दारू, घरातली मारहाण, सरकारने उचलून नेलेली मुले आणि शेवटी तुरुंग ही साखळी तिथून सुरू होते. १९९७ साली कॅनडाच्या लोकसंख्येत मूळनिवासी सुमारे ३ टक्के होते आणि केंद्रीय तुरुंगांत १२ टक्के.

एका मुलीचा खटला

१९९५ साली ब्रिटिश कोलंबियातल्या नानायमो गावात क्री जमातीच्या एका मुलीने आपल्या १९व्या वाढदिवसाच्या रात्री भांडणात जोडीदाराला सुरीने भोसकले. त्याने तिला पूर्वी मारहाण केली होती आणि त्याबद्दल त्याला शिक्षाही झाली होती. तिने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

१९९६ साली कॅनडाच्या फौजदारी कायद्यात एक कलम लागू झाले होते. शिक्षा ठरवताना तुरुंगाऐवजी दुसरा वाजवी मार्ग आहे का ते पाहावे, आणि मूळनिवासींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्यावे, असे ते सांगते. पण खालच्या न्यायाधीशाचे म्हणणे असे की मुलगी शहरात राहते, राखीव वस्तीत नाही, मग तिची वेगळी परिस्थिती कसली? आपल्याकडे 'आता शहरात कुठे जात राहिली?' म्हणणारे भेटतात, त्याच जातीचे हे उत्तर.

२३ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. न्यायालय म्हणाले, माणूस शहरात असो की वस्तीत, न्यायाधीशाने दोन गोष्टी पाहायच्याच. त्याला इथवर आणणारी सामाजिक कारणे कोणती, आणि त्याच्या समाजाच्या दृष्टीने कोणती शिक्षा खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. त्या मुलीला तोवर सशर्त बाहेर सोडले होते, म्हणून तिची शिक्षा बदलली नाही. पण तिच्या आडनावावरून 'ग्लॅड्यू' हे तत्त्व रूढ झाले.

'वंशावरून शिक्षेत सूट' अशी ओरड झालीच. २०१२च्या इपीली निकालात न्यायालयाने त्याला उत्तर दिले. ही सूट नाही. विस्थापन आणि निवासी शाळांचा इतिहास न्यायाधीशांनी गृहीत धरलाच पाहिजे, आणि त्या इतिहासामुळेच हा गुन्हा घडला असे आरोपीने सिद्ध करत बसायची गरज नाही.

न्यायालयाआधी लोक उभे होते

मात्र हे न्यायालयाने दिलेले दान समजू नका. निकालाच्या कितीतरी आधी मूळनिवासी कार्यकर्ते कोर्टात जाऊन उभे राहत होते. आपला माणूस, आपली भाषा जाणणारा. तो वकील नसतो. आरोप काय आहे ते समजावतो, जामिनाची व्यवस्था बघतो, घरच्यांना निरोप देतो, न्यायाधीशाला त्या माणसाची परिस्थिती सांगतो. कारण न कळताच 'कबूल आहे' म्हणून मोकळे होणारे असंख्य होते. अल्बर्टात १९७० साली अशा कामासाठी मूळनिवासींची स्वतःची संस्था उभी राहिली. टोरांटोत १९९० साली 'ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसेस' सुरू झाली. १९९२पासून तिथे काही खटले कोर्टाबाहेर समाजाच्या परिषदेकडे जाऊ लागले. परिषद आरोपीसोबत बसते आणि नुकसान कसे भरून काढायचे, व्यसनातून कसे बाहेर पडायचे हे ठरवते. तुरुंगात टाकण्याचा अधिकार तिला नाही.

निकालानंतर 'ग्लॅड्यू अहवाल' लिहिले जाऊ लागले. लिहिणारा आरोपीशी, त्याच्या आजीशी, शेजाऱ्यांशी बोलतो. आजोबा कोणत्या शाळेत डांबले गेले, आई कोणाच्या घरी वाढली, जमीन कधी गेली, हे सगळे त्यात येते. सोबत तुरुंगाऐवजी काय करता येईल हेही येते. स्त्रियांसाठी १९९५ साली सस्कॅचेवानमधल्या नेकानीत समाजाच्या जमिनीवर ओकिमॉ ओची हे केंद्र उघडले. तिथे समाजातल्या ज्येष्ठ स्त्रिया शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांसोबत बसतात.

संस्कृती कोणाची?

'संस्कृती' शब्द आला की आमच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडलीच पाहिजे. आमच्या बायाबापड्यांना संस्कृतीच्याच नावाने पाणवठ्यावरून हाकलले गेले. जातपंचायतीचा जाच इतका की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मग आम्ही कोणत्या तोंडाने 'समाजाच्या पद्धतीने न्याय' म्हणायचे?

आमची कसोटी अशी आहे. जी संस्कृती वरच्याने खालच्यावर लादली, ती बेडी. जी सत्तेने बंदी घालून, मुले पळवून मोडली, ती परत मिळवणे हा हक्क. आणि तिथेही बाईचे म्हणणे डावलले जात असेल, सहभाग सक्तीचा असेल, तर तो न्याय नाही, दुसरी पंचायत आहे. संविधान या सगळ्याच्या वर.

कॅनडाचे अपयशही लपवायचे कारण नाही. २०२० साली केंद्रीय कैद्यांत मूळनिवासींचे प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे गेले. अहवाल लिहिणारे कमी आणि पैसाही अपुरा. कोर्टात जो इतिहास शिक्षा कमी करतो, तोच तुरुंगात गेल्यावर 'धोकादायक' असा शिक्का मारायला वापरला जातो. घर, जमीन, शाळा यांचा प्रश्न न सोडवता फक्त कोर्ट सुधारले तर एवढेच होते.

आणि आपल्याकडे?

त्याच इंग्रजी राजवटीने इथे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. तिकडे राखीव वस्ती, इकडे सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण. तिकडे पास, इकडे पास आणि हजेरी. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब सदस्य होते. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे याच सेटलमेंटचा कारभार पाहिलेले अधिकारी. पुढे 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एका रांगेत ठेवून सवाल केला: ज्या संस्कृतीने हे घडवले तिला संस्कृती म्हणायचे का? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले.

परिणाम काय? नाशिक जिल्ह्यातल्या २००३च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत फाशी कायम झाली. २०१९ साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यांचा इतिहास कुणी विचारला नव्हता, फक्त संशयासाठी वापरला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला. चांगलेच झाले. पण आरोपीची सामाजिक पार्श्वभूमी सविस्तर मागवा, असे २०२२ साली न्यायालयाने सांगितले ते फाशीच्या खटल्यांपुरते. माणूस फासाच्या दोराखाली आल्यावरच त्याची कहाणी ऐकायची?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाने पारधी, कैकाडी, वडार समाजांतली शिकलेली मुले-मुली पगारी न्यायसोबती म्हणून नेमावीत. आरोपीची भाषा जाणणारा माणूस पहिल्या रिमांडपासून हजर असावा. शिक्षेआधी पार्श्वभूमीचा अहवाल प्रत्येक खटल्यात यावा, आणि तो आरोपीच्या विरोधात वापरायला बंदी असावी.

आमचा इतिहास पोलीस ठाण्यात सगळ्यांना पाठ आहे. तो न्यायाधीशासमोर आमच्या तोंडून, आमच्या बाजूने मांडला जावा, एवढेच आम्ही मागतो आहोत.

जयभीम!