बडतर्फ प्राध्यापक

कामगार संघटनेतल्या माणसाने पाश्चात्त्य संगीतकारावर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असेल. पण निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराशी आमची ओळख सुरांच्या वाटेने झालीच नाही. ती झाली एका बडतर्फीच्या हकीकतीमुळे.

१९०५ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. शहरभर संप पसरले. तेथील संगीतविद्यालयाचे विद्यार्थीही वर्ग सोडून बाहेर पडले. चालकांनी शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना काढून टाकले. साठी ओलांडलेल्या या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची बाजू घेतली आणि वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून चालकांना दोष दिला. मार्चमध्ये त्यांनाच काढून टाकण्यात आले. नोकरी चौतीस वर्षांची! ग्लाझुनोव्ह आणि ल्यादोव्ह या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले, तीनशेहून अधिक विद्यार्थी विद्यालय सोडून गेले.

त्याच महिन्यात विद्यार्थ्यांनी त्यांची ‘काश्चेई’ ही संगीतिका रंगभूमीवर आणली. कथा एका दुष्ट, अमर मांत्रिकाची. शेवटी त्याचा नाश होतो आणि त्याच्या राज्यातले बंदिवान मोकळे होतात. प्रेक्षकांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही. खेळानंतर भाषणे सुरू झाली, तेव्हा पोलिसांनी लोखंडी पडदा खाली सोडून सभा मोडली. काही काळ त्यांच्या रचना वाजविण्यासही बंदी झाली. तेव्हा देशभरातून पत्रे आली. ज्यांनी त्यांचा एक सूरही ऐकला नव्हता अशा शेतकऱ्यांनीही चार पैसे पाठविले. आम्ही आयुष्यभर संपफंडाच्या पेट्या फिरविल्या आहेत, त्या चार पैशांचे वजन आम्हांला कळते. प्राध्यापकांनी शिकविणे काही थांबविले नाही, विद्यार्थी घरी येऊ लागले. डिसेंबरात ग्लाझुनोव्ह प्रमुख झाले आणि हे पुन्हा रुजू झाले.

ते क्रांतिकारक होते काय? नव्हे. घराणे सरदारी, पेशा मूळचा आरमारी अधिकाऱ्याचा. मग विद्यार्थ्यांचा एवढा जीव का? त्याचे मूळ १८७१ सालात सापडते. सत्तावीस वर्षांच्या या अधिकाऱ्यास विद्यालयाने प्राध्यापक नेमले, तेव्हा संगीतशास्त्राचे साधे नियमही त्यांना ठाऊक नव्हते. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच कबूल केले आहे. मग ते शिष्यांच्या एक पाऊल पुढे राहून रात्रंदिवस शिकले. आमचे शाळेशी फार जमले नाही. कामगारांना आम्ही कायद्याची जी कलमे समजावून सांगत असू, ती पुष्कळदा आदल्या रात्रीच वाचलेली असत. तेव्हा हे प्रकरण वाचताना आम्ही मनातल्या मनात हसलो.

पुन्हा रुजू झाल्यावर त्यांनी लिहिली ती ‘सोनेरी कोंबडा’. पुश्किनच्या गोष्टीतला आळशी, मूर्ख राजा उगाच लढाई काढतो आणि सैन्य गमावतो. जपानकडून रशियाचा पराभव नुकताच झाला होता. परिनिरीक्षकांनी शब्दांवर कात्री चालविली. हृदयविकाराने जर्जर झालेले रिम्स्की-कोर्साकोव्ह जून १९०८ मध्ये ल्युबेन्स्क येथे वारले. पहिला प्रयोग १९०९ साली मॉस्कोत झाला, तोही बदललेल्या शब्दांनी.

वारसा म्हणाल तर स्ट्राव्हिन्स्की, प्रोकोफिएव्ह, इटलीचे रेस्पीगी हे त्यांचे शिष्य. ‘साद्को’तील हिंदी व्यापाऱ्याचे गाणे जगभर गेले. आरमारात असताना न्यूयॉर्क आणि रिओपर्यंत फिरलेल्या या माणसाने हिंदुस्थान मात्र कधी पाहिला नव्हता.

पण आम्हांला मोठी वाटते ती दुसरीच कामगिरी. मुसोर्गस्की १८८१ त आणि बोरोदिन १८८७ त गेले. दोघांच्या अपुऱ्या वह्या यांनी हाती घेतल्या आणि वर्षानुवर्षे स्वतःचे काम बाजूला ठेवून त्या पुऱ्या केल्या. बोरोदिनच्या ‘प्रिन्स ईगोर’ला ग्लाझुनोव्हचा हात लागला. मुसोर्गस्कीचे खडबडीत सूर यांनी घासूनपुसून गुळगुळीत केले, हा आरोप खरा आहे. ‘बोरिस गोदुनोव्ह’ आता बहुधा मूळ रूपातच सादर होते, आणि ते योग्यच. तरी त्यांच्या संस्करणानेच ती संगीतिका देशोदेशी पोचली, हेही विसरता येत नाही.

त्यांचे स्वतःचे वाद्यवृंदरचनेवरील पुस्तक मात्र अपुरे राहिले. ते जावई आणि शिष्य स्टाइनबर्ग यांनी पुरे करून १९१३ साली छापले. आणि ज्या विद्यालयाने त्यांना काढले होते, त्याला १९४४ पासून त्यांचेच नाव आहे.