एकट्या मालकीचा छापखाना : जावजी दादाजी आणि मुखपृष्ठांची साक्ष

पोथीसंग्राहकांस पुष्पिकेचें महत्त्व सांगावयास नको. पोथी कोणी, कोणत्या शकांत, कोणत्या गांवीं व कोणासाठीं लिहिली, हें तिच्या अखेरच्या चार ओळींवरून कळतें; त्या ओळी फाटल्या असल्या तर उत्तम पोथीचेंही मोल उणें होतें. छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठाविषयीं मात्र ही दृष्टि आमच्यांत यावी तशी आलेली नाहीं. जुन्या पुस्तकाची नवी बांधणी करितांना वेष्टन काढून टाकिलें जातें, मुखपृष्ठ जीर्ण असल्यास तेंही जातें, आणि संहिता पूर्ण आहे एवढ्यावर आपण समाधान मानतों. एका माणसानें स्वतःच्या मालकीचा धंदा कसा उभारिला व त्याच्या मागें तो कसा चालला, ह्याची साक्ष ह्याच टाकून दिलेल्या पानांवर असते, हें निर्णयसागर छापखान्याच्या उदाहरणानें दाखवावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

वतनदारानें आपले कागद जपले, कारण कागद गेला तर वतन जाई. इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हां तर जुन्या चिठोऱ्यासही किंमत आली. धंदेवाल्याच्या रोजकीर्दीस व खतावणीस असें भाग्य लाभलें नाहीं. येणें-देणें फिटलें कीं वही निरुपयोगी; आणि दुकान एकट्याचें असल्यास मालक निवर्तल्यावर ती रद्दींत जावयास उशीर लागत नाहीं. ह्यामुळें आमच्या दप्तरखान्यांत पाटलाच्या भांडणाचे महजर विपुल, पण स्वकष्टानें दुकान थाटणाऱ्याचा हिशेब क्वचित्.

जावजी दादाजी चौधरी ह्यांचा जन्म इ. स. १८३९ चा. घरची गरिबी असल्यामुळें शाळेचें शिक्षण बेताचेंच झालें. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर दरमहा दोन रुपयांवर लागले. टॉमस ग्रॅहॅम ह्यांनीं देवनागरी खिळ्यांचें वळण सुधारिलें तें ह्याच छापखान्यांत. पुढें टाइम्स, इंदुप्रकाश इत्यादि छापखान्यांत नोकरी करून जावजींनीं इ. स. १८६४ त खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढिला, व इ. स. १८६९ त निर्णयसागर छापखाना स्थापिला. अक्षरें कोरण्याच्या कामीं त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू ह्यांचें कसब त्यांच्या उपयोगी पडलें.

इ. स. १८६४ हें वर्ष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढून मुंबईंत पैशाचा पूर आला होता. नित्य नव्या कंपन्या निघत व त्यांच्या शेअरांवर सट्टा चाले. इ. स. १८६५ त यादवी संपली, भाव कोसळले, आणि अनेक कंपन्या व पेढ्या बुडाल्या. मर्यादित जबाबदारीच्या कंपनींत भागीदाराची जोखीम त्याच्या भागापुरती असते. एकट्या मालकास हा आडोसा नाहीं. दुकानाचें ऋण तें त्याचेंच ऋण, आणि तें त्याच्या घरादारापर्यंत पोंचतें. अशा वावटळीच्या तोंडीं निघालेला हा लहान कारखाना टिकला, ह्याचें एक कारण जावजींनीं पत्करिलेल्या क्रमांत आहे, असें आम्हांस वाटतें.

त्यांनीं आधीं खिळे ओतिले, मग छापखाना घातला. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें ह्यांमुळें खिळ्यांचे कित्येक शें प्रकार लागतात. म्हणून छापखाना घालणाऱ्याचा मोठा खर्च खिळ्यांवरच होई. ते झिजतात व पुन्हा घ्यावे लागतात. ज्याचा स्वतःचा ओतखाना आहे त्याचा हा खर्च वांचतो, आणि इतर छापखाने त्याचे गिऱ्हाईक होतात. शिवाय झिजलेला खिळा वायां जात नाहीं. शिसें, अँटिमनी व कथील ह्यांचा तो मिश्र धातु वितळवून पुन्हा ओतितां येतो. थोड्या भांडवलाच्या माणसास असा धंदा सोईचा, कारण त्यांत मुख्य पुंजी हातांतील कसबाची असते.

मुंबईंत एतद्देशीय मालकीचा मार्ग त्यांच्यापूर्वीं गणपत कृष्णाजी ह्यांनीं घालून दिला होता. तेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतच काम शिकलेले. छापील कागदास शिवण्यास सोंवळे लोक कचरत, म्हणून त्यांनीं तुपाची शाई वापरिली, असें सांगतात. पंचांग छापून घरोघर पोंचविण्याचा उद्योग त्यांनीं केला, आणि पुढें निर्णयसागराच्या प्रमुख कामांतही पंचांग होतें. ह्या मालास गिऱ्हाईक दर वर्षीं ठरलेलें. परंतु पाडवा उलटून गेल्यावर शिल्लक प्रतीस कोणी विचारीत नाहीं. किती प्रती काढाव्या हा अंदाज मालकानें एकट्यानें बांधावयाचा, आणि तो चुकल्यास तोटाही एकट्यानेंच सोसावयाचा.

आतां साधनांकडे वळूं. इ. स. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वयें छापखाना बाळगणारानें मॅजिस्ट्रेटापुढें आपलें नांव व छापखान्याची जागा लिहून द्यावी, आणि प्रत्येक पुस्तकावर छापणाराचें व प्रसिद्ध करणाराचें नांव व ठिकाण छापावें, असें ठरलें. त्याच कायद्यानें पुस्तकांची यादी ठेवावयाची होती. तींत ग्रंथाचें नांव, भाषा, आवृत्ति, पानें, प्रतींची संख्या, किंमत व हक्काच्या मालकाचें नांव हीं सर्व येत. आणि दर तिमाहीची नोंद सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध होई. हा कायदा दीडशें वर्षांहून अधिक चालला, इ. स. २०२३ त त्याच्या जागीं नवा कायदा झाला. छापखान्याच्या वह्या मिळाल्या नाहींत तरी प्रती व किंमत ह्यांवरून धंद्याचें मान काढितां येतें, तें ह्या याद्यांमुळें.

जावजी इ. स. १८९२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस वारले. त्यानंतरच्या मुखपृष्ठांवर तुकाराम जावजी हें नांव येतें. तेथें ते स्वतःस ‘जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे’ मालक म्हणवितात. म्हणजे मूळ पुरुष गेल्यावरही त्याचें नांव पाटीवर राहिलें, कारण गिऱ्हाइकाचा विश्वास त्या नांवावर होता. पुढें त्या जागीं पांडुरंग जावजी, आणि इ. स. १९४० नंतरच्या पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग हें नांव दिसतें. मुद्रक म्हणून बाळकृष्ण रामचंद्र घाणेकर व त्यानंतर रामचंद्र येसू शेडगे हीं नांवें आढळतात. कोलभाट गल्लींतील घराचे आंकडेही २३ वरून २६-२८ असे बदलतात. मालकी कोणाकडे गेली, एक बाई प्रसिद्धीची धनी केव्हां झाली, जागा केव्हां बदलली, हा सारा इतिहास चार-पांच ओळींत आहे. तो क्रमानें लावावयाचा तर निरनिराळ्या सालांच्या आवृत्त्या समोर हव्यात. एकाच ‘उत्तम’ आवृत्तीनें भागत नाहीं.

ह्या एकट्या मालकीच्या धंद्याचे आपण संग्राहक विशेष ऋणी आहों. इ. स. १८८६ पासून ‘काव्यमाला’ मासिकरूपानें निघूं लागली. जयपुरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. हस्तलिखितांत दडलेलीं संस्कृत काव्यें व नाटकें तिच्यामुळें सामान्य वाचकाच्या हातीं आलीं. असे ग्रंथ हळूहळू खपतात. त्यांत अडकलेला पैसा पंचांगासारख्या खपाऊ मालानें व खिळ्यांच्या विक्रीनें सोसावयाचा, हा निर्णय एकट्या मालकास कोणास न विचारितां घेतां येतो; आणि त्याचा तोटाही त्यालाच भरावा लागतो. दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या माणसानें तो घेतला, ही गोष्ट आमच्या मतें लहान नाहीं.

सारांश, संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, बांधणीच्या वेळीं वेष्टन व मुखपृष्ठ पुस्तकाबरोबरच बांधावें, मलपृष्ठावरील किंमतींच्या जाहिराती कापूं नयेत, आणि एकाच ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या दुबार म्हणून टाकूं नयेत. कोठें जुन्या छापखान्याची रोजकीर्द, खतावणी अथवा खिळ्यांचा नमुनाबंद आढळल्यास तोही सनदेइतक्याच काळजीनें ठेवावा. पुष्पिकेसाठीं आपण पोथीचें शेवटचें पान जपतों. छापील पुस्तकाचें पहिलें पान त्याच कारणासाठीं जपलें पाहिजे.