वळवणचं पाणी, वळवणचा मासा

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर करंजा दिसतं आणि मध्ये धरमतरची खाडी. या खाऱ्या पाण्याशेजारी आम्ही गोड्या पाण्यातल्या माशाचा इतिहास का सांगतो आहोत? कारण अंबा आणि पाताळगंगा या नद्या याच खाडीला मिळतात, आणि पाताळगंगेतलं बरंचसं पाणी मुळात तिचं नाहीच. ते घाटावरचं, इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. टाटांनी लोणावळ्याला वळवण वगैरे धरणं बांधली, पाणी नळांतून खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून मुंबईसाठी वीज काढायला सुरुवात केली. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते रेवसला येऊ लागलं.

आज सांगायची गोष्ट आहे त्याच वळवणच्या माशाची. दख्खनचा महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिलं 'खुद्री'. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात खडी-गोट्यांवर अंडी घालतो. धरणांनी ही वाट अडवली. सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि सांडपाणी यांनी उरलंसुरलं काम केलं.

मग १९७०च्या दशकात एक भागीदारी उभी राहिली. जागा, तळी आणि पैसा वीज कंपनीचा; ज्ञान डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांचं. वळवणला मादीची अंडी हाताने काढून, त्यावर नराचं वीर्य सोडून पिल्लं तयार होऊ लागली. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून लांब पाठवता येतात, हेही तिथल्या कामातून दिसलं. त्या काळात हे फार मोठं यश होतं, आणि आम्ही ते कमी लेखत नाही.

पण मत्स्यबीज मुबलक झालं की ते वाटावंसं वाटतं. १९७६ पासून ही बोटुकली कावेरीत सोडली गेली. गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची बंगळूरची संघटना त्यात भागीदार होती. हेतू चांगलाच होता. मात्र कावेरीत स्वतःचा महाशीर होता: नारिंगी परांचा, पाठीवर कुबड असलेला. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला होता, तो याच कुळातला.

पुढे संशोधकांनी गळवाल्यांच्याच १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदवह्या तपासल्या. निळ्या परांचा पाहुणा वाढत गेलेला, कुबडवाला घटत गेलेला आणि त्याची लहान पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झालेली. या माशाची शास्त्रीय ओळख नक्की व्हायला २०१८ उजाडलं: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. म्हणजे ज्याला नीट नाव नव्हतं, त्याच्याच घरात आपण दुसरा आणून सोडला होता.

आता आपल्याच रायगड जिल्ह्यातली दुसरी भागीदारी बघा. महाडच्या बाजूला, काळ नदीवर, वाळणकोंड. तिथे वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि डोहातले महाशीर देवीचे मानले जातात. कोणी मारत नाही. भाविक कुरमुरे टाकतात. इथे कोणी बाहेरून बीज आणून सोडलेलं नाही. गावाने एवढंच ठरवलं की या डोहातलं काढायचं नाही. अर्थात देवीचा धाक डोहापुरताच. वरून रसायन आलं किंवा पाणी आटलं, तर तो पुरणार नाही. तिथे गावाला सरकार आणि शास्त्रज्ञ सोबत लागतीलच.

आम्हाला या दोन गोष्टींतून एवढंच म्हणायचंय. नदीसाठी एकत्र यायचं तर किती लाख पिल्लं सोडली हा आकडा नंतर मोजू. आधी विचारू, या पाण्यातला मूळचा मासा कोणता, तो अंडी कुठे घालतो आणि ती जागा अजून शिल्लक आहे का? पाताळगंगेबद्दल हे कोण सांगेल? तिच्या काठी जाळं टाकणारी जुनी माणसं अजून आहेत. पुढच्या कोणत्याही समितीत पहिली खुर्ची त्यांना द्यावी, असं आम्हाला वाटतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.